समुद्रावर आडवा पडलेला नारळ

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

शिरड शहापूर,
अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस

साखऱ्याचे आमचे थोरले मेव्हणे श्री. भागवतराव यांना शिरडहून ग्यानबाचा दोन्ही हात जोडून रामराम.

पत्र लिहायला कारण असं की तुमी फोन उचलत न्हाई. आमचा रुद्र म्हणतो, उचलत न्हाईत असं न्हाई बाबा, मामानं तुमचा नंबर ब्लॉक केला, तिकडं वाजतच न्हाई. मी दोन वर्षं समजून राहिलो होतो की तुमच्या शिवारात रेंज न्हाई. असो. पोस्टाच्या पाकिटाला ब्लॉक करायची सोय अजून निघाली न्हाई, म्हणून हे पत्र. फाडायचं असलं तर खुशाल फाडा, पण वाचून फाडा. तुमचा चष्मा कायम हरवलेला असतो, म्हणजे पुनमच वाचून दाखवत असेल. पोरी, जिथं कंसात तुझं नाव दिसेल तिथं आवाज बारीक कर.

वहिनींचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान तापवून बांधा म्हणावं, डॉक्टर काही का म्हणंना. तुमची मोठी म्हैस व्याली असेल आतापर्यंत. पुनमची परीक्षा झाली असेल, पेपर सोपे गेले असतील अशी आशा आहे. (पुनम, अवघड गेले असतील तरी हे वाक्य मोठ्यानं वाच.) इकडं हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन घरात पोती लागली आहेत. तुमची बहीण तब्येतीनं ठीक आहे. एवढी सगळ्यांची विचारपूस केली, एका गोष्टीची केली न्हाई. ती कोणती ते तुमालाही ठाऊक आहे आणि मलाही.

पण पुनम तेव्हा शाळेच्या उन्हाळी शिबिराला गेली होती, तिला अर्धंच ठाऊक असणार, म्हणून तिच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी पाणाड्या. पोटापाण्याला शेती आहे, पण पंचवीस वर्षं झाली, आसपासच्या गावांत कुणाला बोर मारायचा असला की मला नेत. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडं, आणि अनवाणी शेतभर फिरायचं. जिथं खाली पाणी आहे तिथं नारळ आपसूक उभा राहतो. तिथं चुन्याची फुली मारायची. दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात तुमी मला साखऱ्याला बोलावलं, मी फुली मारली, बोरची गाडी आली, साडेचारशे फूट खाली गेली आणि वर आला तो नुसता फुफाटा. तुमच्या नव्या धोतरावर बसलेला तो फुफाटा मला अजून दिसतो. त्या दिवसापासून तुमी माझ्याशी बोलायचं बंद केलं, ते बराबरच केलं. पण तेव्हापासून दोन पंचम्या गेल्या, पार्वतीला माहेरी न्यायला तुमच्याकडून मुराळी आला न्हाई. आणि ती पडली तुमचीच बहीण, मुराळ्याबिगर माहेरी पाऊल टाकणार न्हाई. पंचमीच्या दिवशी दारात शेंगा फोडीत बसते आणि रस्त्याला जीप वाजली की तिचा हात थांबतो. जीप पुढं गेली की पुन्हा फोडायला लागते. हे मी दोन वर्षं बघून राहिलो.

आता पत्र आजच काहून, तर कळमनुरीचा गुलाबचंद. तुमी त्याला ओळखता, ठिबकच्या पाइपाचं दुकान आहे, बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकाला आधी चहा पाजतो आणि मग कुणाचे तरी वाभाडे काढतो. या बाजाराला तो माझे काढणार आहे. त्याच्याकडं मोबाइलमध्ये शूटिंग आहे. तुमी ते बघायच्या आधी माझ्या तोंडून ऐकावं, म्हणजे निदान खरं तरी ऐकाल.

झालं असं की त्याच्याच दुकानातून मी ठिबकच्या नळ्या घेतल्या आणि कंपनीचा लकी ड्रॉ होता. (कंपनीचं नाव लिहीत न्हाई, त्यांनी मला फुकट फिरवलं म्हणून मी त्यांची फुकट जाहिरात करावी असं कुठं ठरलेलं न्हाई.) पहिलं बक्षीस मोटारसायकल, दुसरं बक्षीस जोडप्यानं समुद्राची सफर, तिसरं बक्षीस फवारणीचा पंप. माझी नजर पंपावर होती. माझा जुना पंप पाठीवर गळतो, फवारणी पिकावर कमी आणि माझ्यावर जास्त होते. पण नशीब आडवं आलं आणि मला दुसरं बक्षीस लागलं. तिसरं ज्याला लागलं त्याला मी गाठून म्हणालो, बदली कर. तो म्हणाला, मला पाण्याची भीती वाटते. मी म्हणालो, मला काय हौस आहे? पण तुमची बहीण मागं उभी होती. ती म्हणाली, तीस वर्षांत तुमी मला औंढ्याच्या यात्रेपलीकडं काही दाखवलं न्हाई, आता कंपनी दाखवून राहिली तर तिच्याही आडवे या. मग मी सफरीचा कागद खिशात घातला.

सफर अशी की मुंबईहून एक लहान जहाज निघतं, चाळीसेक माणसांचं, आणि किनाऱ्यानं गोव्यापर्यंत जातं. मधे वाटेतल्या जुन्या किल्ल्यांपाशी थांबतं, लहान होडीतून उतरवतं, किल्ला दाखवतं आणि जेवायच्या वेळी परत आणतं. पाच दिवसांचा मामला. पार्वतीनं दोन दिवस खपून चाळीस धपाटे, शेंगाची चटणी, ठेचा आणि लोणच्याची बरणी बांधली. मी म्हणालो, तिथं जेवण फुकट आहे. ती म्हणाली, फुकट आहे, पण जेवण आहे का ते गेल्यावर कळेल. (बराबर निघाली. पहिल्याच दिवशी ताटात एक उकडलेली फुलकोबी आणि तिच्यावर पांढरं वरण वाढलं, ते वरण न्हाई हे मला तिसऱ्या घासाला कळलं.) आणि मी बॅगेत सगळ्यात खाली माझा नारळ ठेवला. तोच, अकरा वर्षं वापरातला. आतलं पाणी कधीच आटलं, हलवला तर खोबऱ्याचा गोटा नुसता खडखडतो, आणि वजन म्हणाल तर वाळलेल्या गोवरीएवढं. तुमी दिलेल्या टॉवेलात गुंडाळून ठेवला होता.

काहून नेला, तर खरं सांगतो. साखऱ्यानंतर मला कुणी बोलवेना. लोक तोंडावर रामराम घालीत आणि पाणी बघायला परभणीहून मशीनवाला आणीत. मलाही रात्रंदिवस एकच घोर, की आपल्या हातातलं गेलं, का ते कधी नव्हतंच. मनात आलं, समुद्रावर जाऊन बघू. जिथं चहूकडं पाणी आहे तिथं तरी नारळ उठेल. उठला तर ज्याची जी शंका असेल ती मिटेल, आधी माझी.

बंदरावर चढताना बॅगा मशीनमधून घालतात. तिथल्या शिपायानं टॉवेल सोडला आणि विचारलं, चाचा, समुंदर को चढाने का है क्या? आता त्याला नारळाची विद्या हिंदीतून काय समजावू? मी मान हलवली. तो खूष झाला, नारळाला नमस्कार करून जाऊ दिलं. ही माझी पहिली चूक. त्यानं ते जहाजावरच्या माणसाला सांगितलं, त्यानं कप्तानाला सांगितलं, आणि पहिल्या संध्याकाळपर्यंत अख्ख्या जहाजावर झालं की हिंगोली जिल्ह्याचे एक भाविक काका खास मराठवाड्यातून सागराला नारळ घेऊन येऊन राहिले, तर शेवटच्या दिवशी त्याचा रीतसर कार्यक्रम ठेवू. मला कुणी विचारलंसुद्धा न्हाई. आणि जहाजावर कोण भेटावं, तर गुलाबचंद. कंपनीनं चांगल्या दुकानदारांनाही फिरायला आणलं होतं. मला बघितल्यावर तो असा हसला की माझी भूकच गेली.

पहिला मुक्काम मुरुडजवळचा जंजिरा. पाण्याच्या मधोमध किल्ला, शिडाच्या होडीतून जायचं, आणि होडी भिंतीला लागली की लाटेचा अंदाज घेऊन उडी मारायची. पार्वतीनं पदर खोचला आणि पहिल्या झटक्याला पायरीवर. मला दोघांनी काखेत धरून उचललं, हळदीचं पोतं ट्रॉलीत टाकतात त्या तऱ्हेनं. आमची किल्ला दाखवणारी शीतल नावाची पोरगी, चुणचुणीत, तोफांची नावं, वजनं, सगळं तोंडपाठ. लोक तोफेवर हात ठेवून फोटो काढीत होते. मी विचारलं, बाई, इथली माणसं पाणी कुठलं पीत होती? तिनं आत नेऊन गोड्या पाण्याचा तलाव दाखवला. भोवताली खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी. भागवतराव, मी तोफ बघितलीच न्हाई. त्या तलावाच्या काठाला बसून राहिलो. एवढ्या खाऱ्या पाण्याच्या पोटात गोडं सापडतं, आणि आपल्याकडं काळ्या मातीत, बाभळीच्या सावलीत साडेचारशे फुटांवर सापडत न्हाई.

संध्याकाळी सगळे जहाजाच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या टाकून बसलेले. गुलाबचंदानं माझी ओळख करून दिली. हे आमच्या भागातले नामी पाणाडे, यांनी सांगितलं की लोक डोळे मिटून गाडी बोलावतात, साखऱ्याला यांच्या खुद्द मेव्हण्यानं बोलावली होती. आणि पुढं नुसता खाकरला. पुण्याकडची मंडळी म्हणाली, काका, दाखवा ना. मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं. पण मी त्याचसाठी आलो होतो. खोलीतून नारळ आणला, चपला काढल्या, नागनाथाचं नाव घेतलं आणि तळहातावर ठेवला.

आडवा. जहाज एका बाजूला झुललं, नारळ त्या बाजूला गेला, दुसऱ्या बाजूला झुललं, इकडं आला, पण उभा राहायचं नाव न्हाई. मी पुढच्या टोकाला गेलो, मागच्या टोकाला गेलो, शिडीखाली गेलो. माझ्यामागं वीस माणसं मोबाइल धरून, वरातीत चालावीत तशी. गुलाबचंद म्हणाला, ग्यानबाराव, खाली अख्खा अरबी समुद्र आहे, अजून किती पाणी पाहिजे त्याला? लोक हसले. कप्तानही हसला. मीही हसलो, काय करता. मी म्हणालो, जहाज लोखंडाचं आहे, लोखंडातून ओढ येत न्हाई, आणि दुसरं म्हणजे हे खारं पाणी, आपली विद्या गोड्या पाण्याची. हे ऐकून ते अजून हसले. तुमची बहीण तेवढी हसली न्हाई. तिनं माझ्या हातातून नारळ घेतला, टॉवेलात गुंडाळला आणि म्हणाली, चला, धपाटे खाऊन घ्या.

दुसऱ्या दिवशी समुद्र जरा खवळला. तेव्हा मात्र आमची इज्जत थोडी वाढली. पुण्याची सगळी मंडळी माना टाकून पडलेली, कुणाच्या पोटात पाणी ठरेना. पार्वतीनं लोणच्याची बरणी उघडली आणि खोलीखोलीत जाऊन एकेक फोड चाखवली. दुपारपर्यंत माणसं उठून बसली आणि धपाटे मागायला लागली. ठेच्याचा वास कप्तानाच्या केबिनपर्यंत गेला, तो चौकशीला आला आणि दोन धपाटे घेऊन गेला. गुलाबचंद सगळ्यात जास्त आडवा झाला होता. त्यालाही पार्वतीनं फोड दिली. मी तिला खुणावलं की त्याला राहू दे अजून घटकाभर, पण ती ऐकणारी न्हाई.

तिसऱ्या दिवशी विजयदुर्ग. शीतल म्हणाली, दोन तास आहेत, सगळे एकत्र राहा. मी नारळ पिशवीत घेतला होता. किल्ला बघून होडीकडं येताना मी जरा मागं राहिलो, म्हटलं इथं निदान जमीन आहे, लोखंड न्हाई. चपला हातात घेतल्या, नारळ तळहातावर ठेवला आणि खाली नजर धरून चालायला लागलो. पाणाड्याची सवय अशी की तो नारळाकडं बघतो, वाटेकडं बघत न्हाई. बऱ्याच वेळानं मान वर केली तर मी कुणाच्या तरी हापूसच्या बागेत, वर आंबे लटकलेले आणि समोर मालक कोयता घेऊन उभा. मला वाटलं आता आंबेचोर म्हणून धरतो. पण त्यानं नारळ बघितला आणि कोयता खाली ठेवला. त्याची मराठी मला निम्मी कळली, माझी त्याला निम्मी, पण पाण्याची गोष्ट कुठंही कळते. पावसाळ्यात त्याच्याकडं आभाळ फाटतं आणि वैशाखात विहिरीचा तळ दिसतो. त्यानं बायकोला हाक मारली, म्हातारी आई बाहेर आली, मला लोटाभर पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, आणि तिघं हात जोडून माझ्या तळहाताकडं बघत उभी राहिली.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी मी पंचवीस वर्षांत कुणाला सांगितली न्हाई. अंगठ्याच्या मुळाशी जो फुगवटा असतो, तो जरासा वर दाबला तर नारळ उठतो. बघणाऱ्याला कळत न्हाई. मी तिथं उभा होतो, म्हातारीचे डोळे माझ्या हातावर होते, गूळ तोंडात विरघळत होता आणि अंगठा शिवशिवून राहिला होता. एक दाब दिला असता तर त्या घरात पुरणाचा स्वयंपाक झाला असता आणि मी सन्मानानं होडीपर्यंत पोचलो असतो. नारळ आडवाच पडून होता. मी म्हणालो, दादा, मला काही समजून न्हाई राहिलं, तुमी माझ्या सांगण्यावर खर्चात पडू नका. एवढं बोलायला मला इतकी तकलीफ झाली की घाम फुटला. तो माणूस म्हणाला की चार पाणाडे येऊन गेले, चौघांनी चार जागा सांगितल्या, न्हाई म्हणणारा तू पहिला. आणि पिशवीभर आंबे दिले. मी होडीपाशी पोचलो तेव्हा जहाजाचा भोंगा वाजून वाजून बसला होता आणि शीतलनं मला सगळ्यांसमोर असं झापलं की मला माझी शाळा आठवली. आंबे वाटल्यावर निवळली.

चौथ्या दिवशी सकाळी मालवण. बाजारात तासभर फिरवलं, पार्वतीनं कोकम आणि काय काय घेतलं, मी पिशव्या धरल्या. मग होडीनं सिंधुदुर्ग. तिथं किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी त्यांची नावं. नावं ऐकूनच मला तहान लागली. सगळे पुढं गेल्यावर मी विहिरीच्या काठाला उभा राहिलो. इथं शंकेला जागा नव्हती. पाणी गोडं, डोळ्यांना दिसणारं, लोखंड न्हाई, झुलणं न्हाई. नारळ ठेवला. भागवतराव, विहिरीच्या तोंडावर नारळ आडवा.

मी तिथंच खाली बसलो. पार्वतीनं तिथल्या एका बाईकडून पोहरा मागून घेतला, पाणी काढलं आणि ओंजळीनं प्याली. म्हणाली, आमच्या साखऱ्याच्या जुन्या आडाचं पाणी असंच लागायचं, दादा पोहरा ओढायचा आणि मी खाली ओंजळ धरायची. आणि रडायला लागली. दोन वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मग मी तिला एक गोष्ट सांगितली, जी दोन वर्षं मी कुणाला सांगितली नव्हती. ती गोष्ट इथं लिहीत न्हाई. हिंमत उरली तर खाली लिहितो. ऐकून तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, मला त्याच दिवशी दिसलं होतं. बस, एवढंच. मग पोहरा धुऊन त्या बाईला परत दिला.

पाचव्या दिवशी गोवा यायच्या आधी कप्तानानं तो कार्यक्रम ठेवला. मी ठरवलं होतं की नारळ समुद्राला देऊन टाकायचा आणि या विद्येला हात जोडायचे. पार्वती म्हणाली, आणा, देवाला द्यायचा तर सजवून देऊ. खोलीत नेला आणि हळदकुंकू लावून, वर फुलांच्या माळा गुंडाळून आणला, शेंडीसुद्धा दिसेना. कप्तानानं टोपी काढली, शीतलनं आरती म्हटली, पुण्याच्या मंडळींनी टाळ्या धरल्या. मी नारळ हातात घेतला तर तो जड लागला. अकरा वर्षं ज्याचं वजन जाणवलं न्हाई तो पायलीभर ज्वारीएवढा जड. आत काहीतरी गुडगुडलंही. मला वाटलं, आपलंच मन जड झालं, आपल्याच पोटात कालवलं. डोळे भरून आले. डोळे मिटून दोन्ही हातांनी सोडून दिला. लोकांना वाटलं काका फार भाविक. गुलाबचंदानं ते सगळं शूटिंग केलं आहे, वरच्या मजल्यावरचंही आणि हेही. तुमाला दाखवेल तेव्हा बघा. माझं रडणं खरं आहे.

तर अशी सफर झाली. किल्ले चांगले आहेत, भिंती मजबूत आहेत, तुमी जरूर जा, जाताना लोणचं न्या. वहिनींना नमस्कार, पुनमला आशीर्वाद, म्हशीच्या पाठीवरून माझ्याकडून एक हात. चुकलंमाकलं पोटात घाला, न्हाई मावलं तर पुनमला वाटून द्या.

तुमचा, आता पाणाड्या नसलेला,
ग्यानबा

ता. क. १ : हिंमत उरली, म्हणून लिहितो. (पुनम, इथून हळू वाच, आणि वाचून झाल्यावर बाबांकडं बघू नको, पाणी आणायला म्हणून आत जा.) त्या दिवशी तुमच्या शेतात नारळ कुठंच उभा राहिला नव्हता. मी तीन चकरा मारल्या, तुमी बघितल्या. पण तुमी मला आधीच पाटावर बसवून टॉवेल-टोपी केली होती, वहिनींनी पुरणपोळी वाढली होती, तुमी नवं धोतर नेसला होता आणि बांधावर अख्खी भावकी जमली होती, की आमचे दाजी पाणी दाखवून राहिले. पार्वती सगळ्यांच्या पुढं उभी होती आणि तिचं तोंड अभिमानानं फुललं होतं. आपल्याकडं आहेर आधी होतो आणि काम मागून. खाल्लेल्या पुरणाला आणि घातलेल्या टोपीला न्हाई कसं म्हणायचं ते मला कळलं न्हाई. मी अंगठा दाबला. चूक नारळाची न्हाई, विद्येची न्हाई, तुमच्या जमिनीची तर न्हाईच. माझी. तो टॉवेल मी एकदाही अंगाला लावला न्हाई.

ता. क. २ : माझ्याशी बोलू नका. नंबर ब्लॉकच राहू द्या, मला सवय झाली. मी साखऱ्याच्या शिवेत पाय ठेवणार न्हाई. पण या पंचमीला तिला मुराळी पाठवा. मी त्या दिवशी दिवसभर शेतात राहीन, जीप दारात आली तर तुमाला माझं तोंडसुद्धा दिसणार न्हाई. पत्र खरं तर या दोन ओळींसाठी लिहिलं, बाकी समुद्र उगाच मधे आला.

ता. क. ३ : दादा, मी पार्वती. पाकीट चिकटवायला माझ्याकडं देऊन हे म्हशीला पाणी पाजायला गेले, म्हणून लिहून घेते. समुद्रात गेला तो नारळ मी मालवणच्या बाजारात घेतला होता, चांगला पाण्यानं भरलेला. यांना एवढंही कळलं न्हाई, आणि म्हणे पाणाड्या. यांचा जुना नारळ माझ्या पेटीत आहे, तुझ्याच टॉवेलात. एक गोष्ट मीही दोन वर्षं पोटात ठेवली. त्या दिवशी साखऱ्यात, फुली मारायच्या आधी, तुमी सगळी जेवायला बसली तेव्हा मी नारळ घेऊन आपल्या शेतातल्या चिंचेखाली गेले होते, आणि माझ्या हातावर तो उभा राहिला. बाईमाणसाचं कोण ऐकतं म्हणून बोलले न्हाई. आता वाटतं, खरंच उभा राहिला, का माहेराच्या ओढीनं माझाही अंगठा लागला, देव जाणे. म्हणून तिथं लगेच गाडी बोलावू नको. पाणी लागो न लागो, माझा झोका त्याच चिंचेला बांध. मुराळी म्हणून पोराटोराला धाडू नको, तू स्वतः ये. आणि जीप घेऊन आलास की आधी शेतात जा, हे तिथं बांधाच्या आड लपून बसलेले असतील, त्यांनाही गाडीत घाल.